फी भरली, तरी प्रशिक्षण अर्धवट का सुटते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपले काही निवृत्त सहकारी मिळून एक लहानसा निधी चालवता आणि त्यातून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील तरुण-तरुणींची सहा महिन्यांच्या व्यवसाय प्रशिक्षणाची पूर्ण फी भरता. दोन वर्षांचा अनुभव असा, की निवडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे जण मध्येच सोडून जातात. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, म्हणून यापुढे निम्मी रक्कम कर्जाऊ द्यावी किंवा प्रवेशाच्या वेळी अनामत घ्यावी, असे आपल्यातील काहींचे मत आहे. आपल्याला स्वतःला मात्र याबद्दल खात्री वाटत नाही.

खासगी देणगीतून चालणाऱ्या अशाच शिष्यवृत्त्यांचे काम मी बरीच वर्षे पाहते आहे. अर्जांची छाननी, मुलाखती, पैसे वाटप आणि नोकरी लागल्यानंतरचा पाठपुरावा, हे सगळे त्यात येते. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगते: अनामत घेऊ नका, कर्जाचा विचार सध्या बाजूला ठेवा, आणि आहे त्याच रकमेत कमी लोक घेऊन प्रत्येकाला फीबरोबर प्रशिक्षणकाळातला निर्वाहखर्चही द्या. आपल्या सहकाऱ्यांची शंका रास्त आहे आणि तिला नुसते ‘नाही’ म्हणून भागणार नाही, म्हणून कारणे सविस्तर मांडते.

सर्वांत आधी हजेरीपत्रक काढा. निम्मे लोक गेले, एवढ्या माहितीवरून काहीच ठरवता येत नाही; कोण कोणत्या आठवड्यात गेले, हे पाहावे लागते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे जातात, त्यांना बहुधा अभ्यासक्रम काय आहे हेच नीट कळलेले नसते. काम उभ्याने करायचे आहे, यंत्रांच्या आवाजात करायचे आहे, किंवा पुढे पाळीची नोकरी लागेल, हे त्यांना वर्ग सुरू झाल्यावर समजते. ही गळती फारशी वाईट नसते, कारण चुकीची निवड लवकर उघड झाली तर दोन्ही बाजूंचे नुकसान कमी होते. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यातली गळती मात्र वेगळी असते. त्या सुमारास घरातली शिल्लक संपलेली असते, उधारी वाढलेली असते, आणि कोणी रोजंदारीचे काम देऊ केले की माणूस ते घेतो. अगदी शेवटी, परीक्षेच्या तोंडावर जे दिसेनासे होतात, त्यांत नापास होण्याची भीती हे कारण मी पुष्कळदा पाहिले आहे, विशेषतः ज्यांनी शाळा लवकर सोडली होती त्यांच्या बाबतीत. या तिन्ही गळतींवर एकच उपाय लागू पडत नाही, आणि अनामतीचा उपाय तर यांपैकी एकीवरही नेमका बसत नाही.

आपण लिहिलेल्या तपशिलावरून मला वाटते, की आपल्याकडची बरीचशी गळती मधल्या काळातली असावी. तसे असेल तर पुढचे सारे विवेचन आपल्याला लागू आहे. प्रशिक्षण जर संध्याकाळचे किंवा फक्त सुट्टीच्या दिवशीचे असेल, प्रशिक्षणार्थी अजून आईवडिलांच्या मिळकतीवर राहणारे असतील, किंवा संस्था स्वतःच काही भत्ता देत असेल, तर माझ्या काही सूचना आपल्याला सौम्य कराव्या लागतील. दिवसभराचे पूर्णवेळ प्रशिक्षण, वय वीस ते पस्तीस आणि घरात मिळवणाऱ्यांपैकी एक, अशी व्यक्ती मी पुढे गृहीत धरली आहे.

अशा व्यक्तीला सहा महिन्यांचे प्रशिक्षण खरोखर कितीला पडते, याचा हिशेब एकदा समितीने कागदावर मांडावा. फी ही त्यातली सर्वांत ठळक रक्कम असते, कारण तिची पावती मिळते. बाकीच्या रकमांची पावती नसते: सहा महिन्यांची बुडालेली मजुरी, रोजचा प्रवास, दुपारचे जेवण, गणवेश, बूट, हत्यारे, परीक्षा शुल्क, लहान मूल असेल तर त्याला सांभाळणाऱ्याची सोय. या सगळ्यांची बेरीज केल्यावर फी हा अनेकदा खर्चाचा लहान भाग ठरतो आणि बुडालेली मजुरी सर्वांत मोठा. आपण फी दिली म्हणजे प्रशिक्षण ‘फुकट’ झाले, असे आपल्या बाजूने दिसते. प्रशिक्षणार्थीच्या बाजूने पाहिले तर तो रोज आपल्या मिळकतीतून त्याची किंमत मोजत असतो. जो माणूस चार महिने अशी किंमत मोजून मग थांबतो, त्याला प्रशिक्षणाची किंमत कळत नव्हती असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

हा मिळकतीतला खड्डा चांगल्यात चांगल्या कार्यक्रमातही पडतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ नावाचा उपक्रम १९९२ पासून चालतो. तेथे कपड्यांचा एक मोठा कारखाना बंद होऊन हजारभर कामगार बेकार झाल्यानंतर स्थानिक नागरिक संघटनांनी तो उभा केला. प्रामुख्याने आरोग्यसेवेतील नोकऱ्यांसाठी तो प्रशिक्षणाचा खर्च देतो आणि त्याबरोबर प्रवास, पुस्तके, परवाना शुल्क यांसाठी मदत आणि नियमित समुपदेशनही देतो. त्याचे मूल्यमापन चिठ्ठ्या टाकून निवडलेले आणि न निवडलेले असे दोन गट करून, अनेक वर्षे पाठपुरावा घेऊन झाले. त्यात पुढच्या वर्षांत प्रशिक्षितांची कमाई स्पष्टपणे वाढलेली दिसली. परंतु पहिल्या वर्षी, शिक्षण चालू असताना, त्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. म्हणजे फायदा मिळण्याआधी एक उतरता काळ काढावाच लागतो. तो काळ काढण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे तोच शेवटपर्यंत टिकतो, आणि खासगी शिष्यवृत्तीचा पैसा नेमका त्या काळावर खर्च करायला हवा.

आता अनामतीकडे येते. अनामतीमागचा विचार असा असतो, की स्वतःचे थोडे पैसे अडकले की माणूस टिकतो, आणि जो मनापासून येणार नाही तो आधीच गळतो. दुसरा भाग अर्धवट खरा आहे: काही लोक आधीच गळतात, पण ते मनापासून न येणारेच असतील असे नाही. दिल्लीच्या गरीब वस्त्यांमध्ये २०१० च्या सुमारास महिलांसाठी सहा महिन्यांचे शिवणकामाचे प्रशिक्षण दोन स्वयंसेवी संस्थांनी चालवले आणि पुष्कर मैत्रा व सुभा मणी या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला. तेथे दरमहा अगदी किरकोळ रक्कम ठेव म्हणून भरायची होती. प्रशिक्षणाचा फायदा झाला. प्रशिक्षण देऊ केलेल्या महिलांमध्ये रोजगार आणि कमाई दोन्ही वाढल्याचे दिसले. मात्र प्रशिक्षण पूर्ण न होण्यामागे हातात पैसा नसणे, केंद्राचे अंतर आणि मुलांना सांभाळण्याची सोय नसणे हे अडसर त्यांना आढळले. इतकी छोटी ठेव असतानाही पैशाची चणचण आड येते, तर आपण योजलेल्या अनामतीने काय होईल याचा अंदाज बांधता येतो. ज्याला मामाने किंवा मालकाने रक्कम दिली तो आत येईल, आणि जिला ती रक्कम मागायला कोणी नाही ती बाहेर राहील. निधी जिच्यासाठी काढला, तीच नेमकी गाळली जाईल.

माझ्या कामातही हेच दिसले आहे. एका देणगीदाराच्या आग्रहावरून एका बॅचला परत मिळणारी अनामत लावली गेली, तेव्हा अर्ज कमी झालेच. शिवाय अनामत भरणाऱ्यांपैकी अनेकांनी ती व्याजाने काढून आणली होती, हे नंतर गप्पांमधून समजले. म्हणजे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्यांच्यावर एक नवे देणे आले होते. देणाऱ्याला गांभीर्य हवे होते, त्याने भर घातली ती काळजीत.

तरीही प्रशिक्षणार्थीकडून काही बांधिलकी मागावी, ही अपेक्षा मी चुकीची मानत नाही. ती पैशाऐवजी वेळेतून मागावी, एवढेच माझे म्हणणे आहे. आम्ही निवडीआधी एक आठवड्याची तयारी ठेवतो: रोज वेळेवर येणे, कार्यशाळेत प्रत्यक्ष हात लावून पाहणे, त्या व्यवसायात सध्या काम करणाऱ्या एखाद्याशी बोलणे, आणि शेवटच्या दिवशी घरी जाऊन आपला सहा महिन्यांचा दिनक्रम लिहून आणणे. त्या आठवड्याचा प्रवासखर्च आणि जेवण आम्ही देतो. ज्यांचा विचार बदलतो ते मोकळेपणाने सांगून जातात, आणि पहिल्या महिन्यातली गळती बरीच आटोक्यात येते. अनामतीकडून आपल्या सहकाऱ्यांना जी चाळणी हवी आहे ती यातून मिळते, आणि गरिबी हे तिच्यात न उतरण्याचे कारण राहत नाही.

कर्जाचा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण कर्ज सरसकट वाईट असते असे मी म्हणणार नाही. परत आलेल्या पैशातून पुढच्याला मदत होते ही कल्पना मनाला पटणारी आहे, आणि जेथे प्रशिक्षण लहान आहे, नोकरी जवळजवळ निश्चित आहे आणि पगारातली वाढ मोठी आहे, तेथे बिनव्याजी फिरता निधी चालू शकतो. पण आपल्याकडे निम्मे लोक प्रशिक्षण पूर्णच करत नाहीत. अशा स्थितीत कर्ज लावले, तर त्याचा सर्वांत मोठा भार ज्यांच्या हाती प्रमाणपत्र नाही आणि नोकरीही नाही त्यांच्यावर पडेल. शिवाय वसुली हे स्वतंत्र काम आहे. त्यासाठी माणूस, नोंदी, स्मरणपत्रे आणि कटुता हे सारे लागते, आणि लहान निधीला ते झेपत नाही. कधी पुढे कर्जाकडे जायचेच ठरले, तर परतफेड नोकरी लागल्यानंतर आणि पगाराने एक ठरावीक पातळी ओलांडल्यानंतरच सुरू व्हावी, नोकरी गेल्यास ती आपोआप थांबावी, आणि काही वर्षांनी उरलेली रक्कम माफ व्हावी, या तीन अटी लेखी असाव्यात. पुढच्या पगाराचा ठरावीक टक्का घेण्याचे करारही अलीकडे चालतात. त्यांतली कमाल वसुलीची मर्यादा आणि कालावधी नीट वाचल्याशिवाय कोणाही प्रशिक्षणार्थीला त्यात ढकलू नये.

मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे, कोरा धनादेश घेणे किंवा ‘अमुक महिने नोकरी सोडणार नाही’ असे बंधपत्र लिहून घेणे, यांबद्दल आपण विचारलेले नाही. पण अशा चर्चेत ते कधी ना कधी पुढे येतेच, म्हणून सांगते: हे कधीही करू नका. ज्याची कागदपत्रे दुसऱ्याच्या कपाटात आहेत, तो वाईट वागवणारा मालकही सोडू शकत नाही.

आता प्रश्न येतो पैशाचा, कारण निधी तेवढाच आहे आणि निर्वाहखर्च द्यायचा म्हणजे संख्या कमी करावी लागणार. समितीत सर्वांत जास्त विरोध येथेच होतो, कारण अहवालात वीस लाभार्थी लिहिणे बारा लिहिण्यापेक्षा बरे दिसते. एक साधा हिशेब मांडते. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. एका व्यक्तीची फी १०० धरा आणि निधी २,००० धरा. केवळ फी दिली तर २० जणांना प्रवेश मिळतो आणि आपल्या अनुभवाप्रमाणे १० जण पूर्ण करतात. आता फीच्या ६० टक्के एवढे विद्यावेतन जोडले, तर एका व्यक्तीमागे १६० लागतात. १२ जणांना १,९२० खर्च होऊन ८० उरतात, ते अडीअडचणीसाठी ठेवायचे. या बारांपैकी १० जणांनी पूर्ण केले, तरी फलित पहिल्याइतकेच आहे. फरक असा, की पहिल्या पद्धतीत दहा कुटुंबांनी कित्येक आठवड्यांची मजुरी गमावून हाती काहीच घेतले नाही, तर दुसऱ्या पद्धतीत अशी कुटुंबे दोन आहेत. अर्धवट सुटलेल्या प्रशिक्षणाचा खर्च आपल्या हिशेबवहीत दिसत नाही. तो त्या घरात दिसतो. या मांडणीत दहांपैकी आठ जणांनी पूर्ण केले तर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकामागचा खर्च बरोबरीत येतो, हेही प्रामाणिकपणे ध्यानात घ्यावे. पूर्ण करण्याचे प्रमाण केवळ सत्तर टक्क्यांपर्यंतच गेले, तर यशस्वी झालेल्यांची संख्या थोडी घटेल. ती घट मी तरीही स्वीकारीन, आणि का स्वीकारीन ते वर आलेच आहे.

जास्त मदतीने माणशी खर्च वाढतो, पण पूर्ण करणाऱ्यामागचा खर्च कमीही होऊ शकतो, याचे एक चांगले उदाहरण न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे आहे. तेथील कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या महाविद्यालयांत, २००७ साली ‘असाप’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात फीमधली तूट भरून काढणे, पाठ्यपुस्तकांसाठी मदत, शहर वाहतुकीचा पास आणि ज्याच्याकडे कमी विद्यार्थी असतील असा सल्लागार, असे सगळे एकत्र दिले गेले. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांच्या जागी ४० टक्के आढळले, आणि माणशी खर्च जास्त असूनही प्रत्येक पदवीमागे येणारा खर्च कमी भरला. हा कार्यक्रम पदवीचा आहे, व्यवसाय प्रशिक्षणाचा नाही, हे मान्य; पण गळतीची कारणे त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचीही बरीचशी हीच होती.

विद्यावेतन कसे द्यावे, याला रकमेइतकेच महत्त्व आहे. ते पंधरवड्याने द्यावे, आणि पंधरवडा सुरू होताना द्यावे. पावत्या आणा, मग पैसे देऊ, ही पद्धत हिशेबनिसाला सोयीची असली तरी ज्याच्याकडे आज बसभाड्याला पैसे नाहीत, तो पावती आणण्याइतका खर्च आधी करणार कोठून? हजेरीशी विद्यावेतन जोडायला माझी हरकत नाही. न्यूयॉर्कमध्येही पास मिळत राहण्यासाठी कार्यक्रमात सहभागी राहणे अपेक्षित होते. मात्र एका गैरहजेरीला पैसे कापणे आणि मुलाच्या तापासाठी घरी राहिलेल्या आईलाही तोच नियम लावणे, यातून विश्वास जातो. आमच्याकडे सलग गैरहजेरी झाली की आधी फोन होतो, मग भेट होते, आणि विद्यावेतन थांबवण्याचा निर्णय त्यानंतर येतो.

लहान मुले असलेल्या महिलांसाठी निराळी रक्कम ठेवावी. कोलंबियात २००१ ते २००५ या काळात गरीब तरुणांसाठी चाललेल्या सरकारी प्रशिक्षण कार्यक्रमात तीन महिने वर्ग आणि तीन महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव, अशी रचना होती. तेथे सर्वांना दैनिक भत्ता मिळत असे, आणि सात वर्षांखालील मुले असलेल्या महिलांना तो जास्त मिळत असे. त्याच्या मूल्यमापनात सर्वांत ठळक फायदा महिलांनाच झालेला दिसला. केवळ त्या जादा भत्त्यामुळे तसे झाले असे मी म्हणणार नाही; पण आपल्या अर्जात ‘मूल कोण सांभाळेल’ हा प्रश्न असावा आणि त्याचे उत्तर ‘ठरलेले नाही’ असे आले, तर त्या अर्जदाराला गाळण्याऐवजी पाळणाघराचा खर्च निधीतून द्यावा, हे माझ्या अनुभवाला धरून आहे.

यानंतर अडीअडचणीचा राखीव निधी. मधल्या महिन्यांत लोकांना प्रशिक्षण सोडायला लावणारी रक्कम आश्चर्य वाटावे इतकी लहान असते: थकलेले घरभाडे, फुटलेला चष्मा, सायकलची दुरुस्ती, आईच्या तपासणीचा खर्च. ही रक्कम दोन दिवसांत मिळाली तर प्रशिक्षण वाचते, समितीच्या पुढच्या मासिक बैठकीनंतर मिळाली तर माणूस आधीच गेलेला असतो. म्हणून एका व्यक्तीला ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार द्या, आणि समितीने तीन महिन्यांनी त्या खर्चाचा आढावा घ्यावा. असा निधी गैरवापराला आमंत्रण देतो, अशी भीती दर वेळी व्यक्त होते. आमच्याकडे अडचण उलटीच असते: लोक मागायला लाजतात आणि फार उशिरा मागतात. त्यामुळे अशी मदत उपलब्ध आहे हे पहिल्याच दिवशी, आणि मग पुन्हा दुसऱ्या महिन्यात, स्पष्टपणे सांगावे लागते.

एवढे सगळे करूनही अभ्यासक्रम चुकीचा निवडला असेल, तर पूर्ण करणाऱ्यालाही काही मिळणार नाही, आणि ही बातमी मागच्या बॅचकडून पुढच्या बॅचला फार लवकर कळते. आपल्या गळतीमागे हेही असू शकते. आधी शिकून गेलेल्यांना नोकऱ्या लागलेल्या नसतील, तर शिकणाऱ्याने चौथ्या महिन्यात रोजंदारी पत्करणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. त्या व्यवसायात माणसे नेमणाऱ्या चार-पाच मालकांना स्वतः भेटा आणि विचारा, की मागच्या वर्षी नव्या किती माणसांना घेतले, सुरुवातीला काय दिले, आणि या संस्थेचे प्रमाणपत्र पाहून काही फरक पडतो का. उत्तर देताना मालक घुटमळला, तर त्या अभ्यासक्रमावर पैसे लावण्याआधी पुन्हा विचार करावा.

प्रमाणपत्राचा मुद्दा मी मुद्दाम काढला. युगांडामध्ये ब्रॅक या संस्थेच्या साहाय्याने झालेल्या एका मोठ्या प्रयोगात वंचित तरुणांच्या एका गटाला व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत सहा महिने शिकवले गेले, आणि दुसऱ्या गटाला थेट एखाद्या उद्योगात कामावर ठेवून मालकाकडून शिकवले गेले. वेल्डिंगपासून केशरचनेपर्यंत अनेक व्यवसायांत शिकण्याच्या या दोन ओळखीच्या वाटा आहेत. दोन्ही गटांना सुरुवातीला फायदा झाला. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संस्थेत शिकलेल्यांचा फायदा अधिक टिकला, कारण एक नोकरी गेली तरी त्यांच्या कौशल्याला दुसरीकडे मान्यता होती. मालकाकडे शिकलेल्याचे कौशल्य दुसऱ्या मालकाला दिसत नव्हते. यावरून मी आमच्या समितीला नेहमी सांगते, की एखादा उद्योग ‘आमच्या माणसांना आम्हीच शिकवतो, तुम्ही फक्त पैसे द्या’ म्हणाला, तर प्रशिक्षणाअंती बाहेरही चालेल असे प्रमाणपत्र मिळणार आहे का, हा पहिला प्रश्न असावा.

संस्थेला फी देतानाही थोडी रचना करता येते. पूर्ण फी प्रवेशाच्याच दिवशी भरली, की तो प्रशिक्षणार्थी टिकण्यात संस्थेला पैशाचे कारण उरत नाही. फीचे तीन भाग करा: प्रवेशाला एक, प्रमाणपत्राला एक, आणि नोकरीत तीन महिने टिकल्यावर शेवटचा. भारतात २०२१ साली सुरू झालेल्या ‘स्किल इम्पॅक्ट बाँड’ या मोठ्या योजनेत हेच तत्त्व आहे. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आणि ब्रिटिश एशियन ट्रस्ट यांच्यासह अनेक खासगी प्रतिष्ठाने तिच्यात एकत्र आली, आणि ५०,००० तरुणांचे उद्दिष्ट ठेवताना पटावरील संख्येपेक्षा नोकरी मिळण्यावर आणि ती टिकण्यावर भर दिला गेला. लहान निधीने मात्र शेवटचा हप्ता फार मोठा ठेवू नये, नाहीतर संस्था आधीच सक्षम असलेल्यांनाच घेऊ लागते आणि ज्यांना वेळ लागतो त्यांना टाळते. पाचवा हिस्सा मागे ठेवला तरी पुरतो.

निवडीबद्दल थोडेच सांगते. उत्पन्नाचा दाखला मागावा, पण तो नसलेल्याला लगेच बाद करू नये. सर्वांत गरजू लोकांकडेच कागदपत्रे अपुरी असतात. मुलाखतीत गरिबीचे वर्णन करायला लावू नये. ‘सकाळी किती वाजता निघावे लागेल, परत किती वाजता, घरचा खर्च या काळात कोण पाहील’, असे प्रश्न जास्त उपयोगाचे असतात. त्यांतून गळतीची शक्यता आधी कळते, आणि कळली की तिच्यावर उपाय करता येतो. गुणांवर फार भर दिला, तर जो आपल्या मदतीविनाही कोठेतरी पोचला असता त्याचीच निवड होते. तसेच अर्जदाराला दुसरी एखादी शिष्यवृत्ती किंवा शासकीय मदत मिळत असेल, तर आपल्या विद्यावेतनामुळे ती बंद होणार नाही, याची खात्री पैसे देण्याआधीच करून घ्यावी. या बाबतीत नियम जागोजागी वेगळे असतात.

आणि एक माणूस हवा. ज्याच्या फोनची वाट पाहावीशी वाटेल, असा. आपल्या गटात निवृत्त सहकारी आहेत, ही यासाठी फार मोठी जमेची बाजू आहे. पैसे कमी असले तरी आपल्याकडे वेळ आहे. प्रत्येकाने तीन-चार प्रशिक्षणार्थींची जबाबदारी घ्यावी, आठवड्यातून एकदा बोलावे, आणि शेवटच्या महिन्यात परीक्षेच्या तयारीला बसावे. वर ज्या शेवटच्या गळतीचा उल्लेख केला, ती मी पैशाने थांबलेली पाहिलेली नाही. शेजारी बसून दोन जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, की ती पुष्कळदा थांबते.

यापुढच्या नोंदी ठेवताना ‘किती जणांना शिष्यवृत्ती दिली’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने ठेवा: प्रशिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने कोण काम करत आहे, आणि प्रशिक्षणाआधीच्या मिळकतीपेक्षा आता किती जास्त मिळते. प्रशिक्षणाआधीची मिळकत अर्जाच्या वेळीच लिहून घेतली नाही, तर नंतर ती कोणालाच नीट आठवत नाही.

नव्या बॅचचे अर्ज मागवण्यापूर्वी मात्र एक काम आधी करावे. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या प्रत्येकाला फोन लावा. त्यांना जाब विचारला जात नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि विचारा, की त्या आठवड्यात काय मिळाले असते तर आपण थांबला असता. काही नंबर बंद असतील, काही जण टाळाटाळ करतील, पण दहा-बारा जण बोलले तरी अनामत, कर्ज की विद्यावेतन, याचा वाद आपल्या समितीत बराचसा मिटेल. त्यांपैकी ज्यांना पुन्हा यायचे असेल, त्यांना नव्या बॅचमध्ये आधी घ्या. निम्मा अभ्यासक्रम त्यांचा झालेला आहे आणि संस्थेशी बोलून तो ग्राह्य धरता येतो.